लाभाचं माप

हनुमानशी हातमिळवणी करून संगमेशला काय मिळणार होतं, याचा अंदाज संगमेशच्या आधी त्याच्या वडलांनी बांधला. महारुद्रअप्पा अंबाजोगाईच्या मोंढ्यातले धान्याचे जुने आडते. पोतं न उघडता आत माती किती हे सांगणारा माणूस. मुलानं चार वर्षं खपून कॉम्प्युटरमध्ये ‘पाटी’ नावाचं काहीतरी केलंय आणि ते तो फुकट वाटतोय, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. वर त्याच्या आतलं सगळं लिखाणही त्यानं उघडं ठेवलं होतं. कुणीही बघावं, न्यावं, बदलावं. अप्पांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मग आठवडाभर त्या विषयावर बोलले नाहीत. आडत्याचं पोरगं दुकानाला कुलूपच लावायचं नाही म्हणतं, त्यावर बापानं काय बोलावं.

पण हातमिळवणीचं ऐकल्यावर ते गादीवर सावरून बसले.

“म्हंजे दिंद्रुडच्या रामकिसनचं पोरगं आन तू, दोघं मिळून मोहनरावाकडं जाणार.”

“हो अप्पा.”

“मोहनरावाच्या शाळा किती?”

“एकोणीस.”

“तितल्या कॉम्प्युटरची देखभाल कुणाकडं हाय?”

“अजून कुणाकडंच न्हाई.”

“मग ह्यात फुकट कुठंय?” असं म्हणून अप्पा मुलाच्या उद्योगावर पहिल्यांदाच खूष झाले.

हनुमानचं गणित याहून साधं होतं. तो मोहनरावांच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की घरच्या ज्वारीत राबणं. त्याला कायम व्हायचं होतं. कायम करणं मोहनरावांच्या हातात, आणि मोहनरावांना काय हवं तर मंत्र्यांच्या शेजारी उभं राहून दाखवता येईल असं काहीतरी. २००२ साल होतं. गल्लीबोळात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, झेरॉक्सवालाही काचेवर ‘इंटरनेट’ लिहू लागला होता, आणि ज्या पुढाऱ्याच्या संस्थेत कॉम्प्युटर नाही त्याला तिकीट मागायला लाज वाटायची. तेव्हा मोहनरावांचाही यात वाटा होताच.

आता या सगळ्यात ज्यांच्यामुळे हे सुरू झालं त्या बाईंना काय मिळणार होतं, ते सांगतो. त्यांना काहीच मिळणार नव्हतं. जे होतं ते राहिलं तरी पुरे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

गंगासागरबाई मोहनरावांच्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळेत सहा कॉम्प्युटर होते, कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेले. मुली हुशार, पण पडद्यावरच्या इंग्रजी आज्ञांपुढं त्यांची बोटं थिजायची. म्हणून बाईंनी चौकटीच्या वहीवर एक छोटी भाषा मांडली. मांड, वाढव, दाखव, परत कर, अशा मराठी आज्ञांची. आकड्यांची रांग ठेवायची असली की तिला बाई ‘रास’ म्हणत आणि राशीतल्या एकेका आकड्याला ‘माप’. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तसं पहिल्या मापाला बाईंनी लाभ नाव दिलं. मुलींना हे एका तासात कळलं.

पण वहीतली भाषा मशीनला कशी कळणार? ते काम बाईंचा चुलत भाऊ संगमेश यानं केलं. नांदेडहून इंजिनिअर होऊन आलेला, स्वतःचा क्लास, स्वतःची जीप. त्यानं विंडोजवर चालणारी पाटी लिहिली. ती बघायला हनुमान आला, अर्धा तास बसला, अकरा चुका काढल्या आणि चहा न पिता उठून गेला. सहा महिन्यांनी त्यानं स्वतःची पाटी आणली. ती लिनक्सवर चालायची, जुन्या मशिनीवर पळायची, आणि तीही उघडी आणि फुकट. बाईंच्या सहा म्हाताऱ्या मशिनी विंडोजचं ओझं उचलत नव्हत्या, म्हणून शाळेत हनुमानची पाटी आली. संगमेशच्या क्लासमध्ये आणि बीडला जिल्ह्याच्या स्पर्धा व्हायच्या त्या मोठ्या हॉलमध्ये संगमेशची. भाषा एकच, चालवणारे दोन. दोघंही पुण्या-बंगलोरच्या लोकांना ईमेल टाकून सांगायचे की खरी पाटी माझी. दोघंही फुकट देत होते, आणि गिऱ्हाईक पळवल्यासारखे भांडत होते.

जूनमध्ये मोहनराव शाळेत आले. सहा मशिनींकडं त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

“बाई, ह्या मुलांच्या हायस्कूलला पाठवू म्हणतो. तिथं बारावी सायन्स आहे.”

“आणि माझ्या मुली?”

“मुलींचं काय, शिकल्या तेवढं शिकल्या.” मग बाईंचा चेहरा बघून, सौदा करायची सवय असलेल्या माणसासारखे ते म्हणाले, “असं करू. जानेवारीत बीडला जिल्ह्याची स्पर्धा आहे ना, तुमच्या त्या पाटीचीच. तुमच्या एखाद्या मुलीनं नंबर आणला तर मशिनी इथंच राहतील. माझा शब्द.”

बाईंनी त्याच संध्याकाळी दोघांना शाळेत बोलावलं. अकरावीची ईश्वरी त्यांच्या डोळ्यापुढं होती. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मनाशी मोजणारी, आणि एकदा मोजलं की न चुकणारी.

“तुमच्यात मोठा कोण ते मला ऐकायचं नाही,” बाई म्हणाल्या. “माझी पोरगी इथं हनुमानच्या पाटीवर शिकणार आणि बीडला संगमेशच्या पाटीवर लिहिणार. इथं जे उत्तर येतं तेच तिथं आलं पाहिजे. माझ्याकडं चाळीस सराव आहेत. एकेक दोन्हीवर चालवू. जिथं फरक पडेल तिथं कोणीतरी एकानं बदलायचं.”

“अक्का, त्यानं बदललं तर माझी ना न्हाई,” संगमेश म्हणाला.

“बाई, मीबी तेच म्हणणार होतो,” हनुमान म्हणाला.

दर रविवारी एका टेबलावर दोन मशिनी मांडल्या जाऊ लागल्या. संगमेश आपली घरून आणायचा, टॉवेलात गुंडाळून. उत्तर जुळलं की पुढचा सराव. नाही जुळलं की तो रविवार गेला. भागाकारालाच दोन रविवार गेले. साताला दोनानं भागलं तर संगमेशची पाटी तीन म्हणायची, हनुमानची साडेतीन.

“साडेतीन पोरी बसतात काय बे वर्गात?”

“आन तुमच्यात अर्धी भाकर कुणी खातच न्हाई?”

बाईंनी दोन वेगळ्या आज्ञा करायला लावल्या, एक ‘वाटणी’ आणि एक ‘भागाकार’, आणि दोघांनाही दोन्ही लिहायला लावल्या. मग जोडाक्षरं छापण्याचा भाग आला तेव्हा हनुमाननं संगमेशचं लिखाण उघडून पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

“हे माझं हाय.”

“उघडं ठेवलतंस. घेतलं.”

“घे की. त्यालाच ठेवलंय. पर वर नाव टाकायला काय झालतं?”

संगमेशनं नाव टाकलं. नुसतं ‘हनुमान’, आडनाव गाळून. बीड जिल्ह्यात हनुमान किती असतील याचा विचार करूनच टाकलं असावं.

तरीही काम पुढं सरकत होतं, हे खरं. दोघंही एकमेकांचं लिखाण इतकं बारकाईनं वाचत होते की तेवढं कौतुकानं कुणी वाचत नाही. भांडून भांडून दोन्ही पाट्या सुधारल्या. नोव्हेंबरपर्यंत एकोणचाळीस सराव जुळले.

चाळिसाव्याच्या रविवारी बाईंची पल्स पोलिओची ड्यूटी लागली. गणिताच्या बाई बसस्टँडवर पोरांच्या तोंडात डोस घालत होत्या आणि इकडं शाळेत हे दोघंच.

चाळिसावा सराव दिसायला सगळ्यात सोपा. बाकीचे सराव ‘राशीतलं प्रत्येक माप’ घेऊन चालायचे; यात फक्त नंबरानं माप काढायचं होतं. ‘तिसरं माप दाखव.’ हनुमानच्या पाटीनं तिसरं दाखवलं. संगमेशच्या पाटीनं चौथं.

“तिसरं मागितलं तर चौथं देतीय. कावून?”

“लाभ धर की. लाभ, मग एक, दोन, तीन.”

“लाभ म्हंजेच एक.”

“आमच्या दुकानात न्हाई. लाभ निराळा, मोजणी त्याच्यापुढं. आन तसंबी जगातल्या अर्ध्या भाषा शून्यापासूनच मोजतात. तूबी शिकवतोस ना पोरांना?”

हनुमान बोलला तेव्हा आवाज खालचा होता.

“माझा आजा तुझ्या आज्याच्या आडतीवर जवारी घालायचा. पायलीनं मोजायचे तवा. पहिलं माप लाभाचं म्हणून बाजूला वतायचे, मठाच्या नावानं. मग म्हणायचे एक. ते पहिलं माप कुणाच्या मोजणीत यायचं, सांग.”

“मठात जायचं ते.”

“मठात किती गेलं ते मठाला माहीत. आमच्या मोजणीत आलं न्हाई, एवढं मला माहीत. दर राशीला एक माप, बे. आज्याचं गेलं, बापाचं गेलं. आता काटे आले म्हणून थांबलं. तर तू तेच मशिनीत घालून ठेवलं, आन जगाला फुकट वाटतोस.”

“मला चोर म्हणतो काय तू?”

“तुला न्हाई. तू घरी जसं ऐकलं तसं लिहिलं. तुला त्यात काही वंगाळ दिसलंबी न्हाई, त्याचाच राग येतो.”

संगमेश उठला तशी खुर्ची मागं पडली. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि दोघांचे चेहरे बघून परत गेला. संगमेशचं म्हणणं, माझ्या आज्यानं दुष्काळात कोठार उघडलं ते कुणी मोजलं का. हनुमानचं म्हणणं, ते धान्य तरी कुठून आलतं. संगमेशनं दिंद्रुडच्या लोकांचं काहीतरी काढलं, हनुमाननं मोंढ्यातल्या गाद्यांचं. तीन पिढ्या जे बोलल्या नव्हत्या ते सगळं त्या खोलीत बोलून झालं. मशिनी मधे चालूच होत्या, एकीवर तिसरं माप, दुसरीवर चौथं.

तेवढ्यात संगमेशचा मोबाइल वाजला. मोहनराव होते. पाट्या एक झाल्या की समारंभ करू, असं ते दोघांना आधीच म्हणाले होते; त्याला मंत्रीसाहेबांची तारीख मिळाली होती, गुरुवारची. पत्रिका छापायला गेली होती. “दोन्ही पाट्या एक झाल्या ना रे?”

संगमेशनं हनुमानकडं पाहिलं. हनुमाननं संगमेशकडं.

“झाल्यातच साहेब,” संगमेश म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यानं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. “एकच तर राहिलाय. समारंभानंतर निवांत बघू.”

“आन बाईला काय सांगायचं?”

“मिटलं म्हणू.”

हनुमानच्या आज्याच्या ज्वारीचा राग एकोणीस शाळा आणि एक कायम जागा यांच्या दारापर्यंत आला, आणि चपला बाहेर काढून आत गेला. तो म्हणाला, “हं.” चाळिसावा सराव त्यांनी संचातून काढून टाकला. मग दोन्ही पाट्यांवर सगळा संच पहिल्यापासून चालवला. सगळा जुळला.

सोमवारी बाईंनी विचारलं, “चाळिसावा?”

“मिटला अक्का.”

“बदललं कुणी?”

“दोघांनी थोडं थोडं.”

बाईंनी हनुमानकडं पाहिलं. तो खिडकीतून मैदानावरचा खो-खो बघत होता. बाईंनी आपल्या मशिनीवर चाळिसावा सराव चालवून पाहिला. उत्तर बरोबर आलं. येणारच, शाळेत पाटी हनुमानचीच होती.

गुरुवारी मंत्रीसाहेबांनी फीत कापली. ‘सर्व चाचण्यांमध्ये दोन्ही पाट्या तंतोतंत जुळतात’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र फ्रेम करून वाटलं गेलं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. जी जुळत नव्हती ती चाचणी संचात नव्हती, एवढंच. मोहनराव भाषणात म्हणाले की स्पर्धा करणारे दोन तरुण हात मिळवतात तेव्हा जिल्हा पुढं जातो. बाई दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्याही हातात एक फ्रेम होती, आणि ती त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीत ईश्वरीच्या जागेसमोर लावली.

बीडच्या स्पर्धेला संगमेशच्या जीपमधून गेले. पुढं संगमेश आणि हनुमान, मागं बाई आणि ईश्वरी. समारंभापासून दोघं एकत्र हिंडू लागले होते, पुण्याच्या कुठल्याशा परिषदेत दोघांचं मिळून भाषण ठरत होतं.

त्या साली पाऊस झाला नव्हता, म्हणून गणितही तसंच आलं. सात गावांची नावं एका राशीत, प्रत्येक गावाला आलेल्या टँकरच्या खेपा दुसऱ्या राशीत. सगळ्यात जास्त खेपा कोणत्या गावाला, ते सांगा. ईश्वरीनं पेरांवर अंगठा फिरवला आणि लिहायला घेतलं. पहिल्या मापापासून सातव्यापर्यंत जा, मोठं सापडलं की लक्षात ठेव, शेवटी गावाचं नाव दाखव. शाळेत हे तिनं डोळे मिटून केलं होतं. नमुन्याचे आकडे घालून पाहिले तर उत्तर बरोबर. सगळ्यांच्या आधी तिनं हात वर केला.

परीक्षक आले. शांत, चष्मेवाले गृहस्थ. त्यांनी आपल्याजवळचे दुसरे आकडे घातले. राशीत पहिलंच गाव दिंद्रुड होतं आणि सगळ्यात जास्त टँकर तिथंच. ईश्वरीच्या पडद्यावर पाचव्या गावाचं नाव आलं.

“बाळ, पहिलं गाव कुठं गेलं?” परीक्षकांनी विचारलं.

ईश्वरीनं एक ओळ वाढवली, एकेक माप पडद्यावर उतरवून घेतलं. दुसरं गाव, तिसरं, चौथं, आणि शेवटी राशीच्या पलीकडची रिकामी जागा. दिंद्रुड कुठंच नव्हतं. तिला सगळं कळलं, पण घंटा झाली होती. नंबर माजलगावच्या एका मुलाला गेला. तो संगमेशच्याच पाटीवर शिकलेला, त्याला लाभ वेगळा मोजायची सवय होती.

बाहेर आल्यावर ती बाईंना म्हणाली, “बाई, ह्यात लाभाचं माप मोजत न्हाईत.”

बाई जीपमध्ये जाऊन बसल्या.

परतीच्या रस्त्यावर कपिलधारचा फाटा येतो. त्या वाटेनं जाताना दर्शन घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही संगमेशच्या घरची रीत. त्यानं जीप आत घातली. कड्यावरून पडणारं पाणी त्या वर्षी नव्हतंच. नुसता काळा ओघळ दगडावर वाळलेला. संगमेश उतरून रुमालानं तोंड पुसत होता तेव्हा बाई आतूनच म्हणाल्या, “मिटलं म्हणजे काय झालं होतं, ते सांग.”

“अक्का, दर्शन घेऊन येऊ आधी.”

“आधी सांग.”

संगमेशनं हनुमानकडं बोट केलं. “हाच ऐकत न्हवता.”

“मी? बदल तुला करायचा होता.”

“मी कावून करू? मंत्र्याच्या आधी चार दिवस, सगळं उसवून?”

“म्हंजे माहीत होतं तुला, उसवायला लागणार म्हणून.”

“तुला न्हवतं माहीत? ‘हं’ कोण म्हणलं?”

“तुझ्या आज्यानं...”

“आज्याचं नाव काढू नको इथं.”

दर्शनाला आलेली माणसं थांबून बघू लागली. देवळाच्या पायरीवर दोन शिकलेले बाप्ये पायलीच्या मापावरून एकमेकांच्या अंगावर जात होते. बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग त्या जीपमधून खाली उतरल्या.

“पाच महिने तुम्ही माझ्यासमोर भांडलात,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. “त्यात माझं काहीही बिघडलं नाही. भागाकाराचं भांडण मला दिसलं, मी मार्ग काढला. हेही भांडण तसंच ठेवलं असतं तर मी पोरीला सांगितलं असतं की बाळ, तिकडच्या मशिनीवर मोजताना लाभापासून धर. एका वाक्याचं काम होतं रे. एका वाक्याचं. दोन घरांना दोन दारं असली तरी माणूस बघून आत जातं. तुम्ही भिंतीवर दाराचं चित्र काढलं आणि माझ्या पोरीला म्हणालात, जा.”

“अक्का, मी मोहनरावांशी बोलतो.”

“तू मोहनरावांशी बोललास म्हणूनच हे झालं.”

हनुमान मान खाली घालून म्हणाला, “बाई, मी नोकरी सोडतो.”

“कुठली? अजून लागलास कुठं?”

ईश्वरी एवढा वेळ जीपच्या मागच्या फळीला धरून उभी होती. ती हनुमानला म्हणाली, “सर, तुमाला माहीत होतं?”

त्यानं मान वर केली.

“व्हय.”

तिनं नुसती मान हलवली, वर्गात उत्तर मिळाल्यावर हलवायची तशी. मग तिनं आणि बाईंनी पिशव्या उचलल्या आणि मांजरसुंब्याच्या दिशेनं चालू लागल्या, तिथं एसटी मिळते. संगमेश जीप घेऊन मागनं आला, शेजारून हळूहळू चालवत राहिला, अक्का बसा, अक्का ऊन आहे. बाईंनी मान वळवली नाही. शेवटी तो पुढं निघून गेला. हनुमान शेजारच्या सीटवर होता. दर्शन राहिलं ते राहिलंच.

मोहनराव शब्दाला पक्के. नंबर आला नाही म्हणजे आला नाही. त्याच आठवड्यात टेंपो आला आणि मशिनी मुलांच्या हायस्कूलला गेल्या. मुलींची खोली रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी चार शिलाई मशिनी पाठवल्या आणि त्यांच्यावर संस्थेचं नाव रंगवून घेतलं.

आता कुणाला काय मिळालं आणि भरलं कुणी.

महारुद्रअप्पांना एकोणीस शाळांची देखभाल मिळाली. कागदावर ती संगमेशच्या नावानं आहे. हनुमान पुढच्या जूनमध्ये कायम झाला. मोहनरावांना मंत्र्यांशेजारचा फोटो मिळाला, तो संस्थेच्या कचेरीत मोठा करून लावलाय. बीडचे परीक्षक गप्प बसणारे निघाले नाहीत. त्यांनी ईश्वरीचा तो कार्यक्रम मशिनीवरून उतरवून घेतला आणि ईमेलवर सगळ्यांसमोर टाकला: दोन्ही पाट्या जुळत नाहीत, हा घ्या पुरावा. पुण्या-बंगलोरहून विचारणा झाली. तेव्हा कुठं संगमेशनं लाभाला एक केलं, बदल लिहून दिला हनुमाननं, आणि दोघांनी मिळून जाहीर केलं की दीर्घ विचारविनिमयानंतर दोन्ही गटांनी परस्पर सहकार्यानं हा प्रश्न सोडवला आहे. परिषदेतल्या भाषणाला लोक उभे राहिले म्हणतात. दोघंही मोठे झाले. आजही एकमेकांचं लिखाण वाचतात, वर नाव टाकतात, आडनावासकट.

गंगासागरबाई अजून चौकटीच्या वहीवर शिकवतात. कॉम्प्युटरच्या खोलीतली फ्रेम त्यांनी उतरवली नाही. विचारलं तर म्हणतात, मुलींना बघू दे.

आणि संचातली चाळिसावी जागा रिकामी होती, तिथं ईश्वरीचाच कार्यक्रम घातलाय. नाव दिलंय ‘टँकर’. लिहिणाऱ्याचं नाव टाकायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. जिथं कुठं पाटी नव्यानं तयार होते, दोन्हीपैकी कुठलीही, तिथं तो आधी चालवून बघतात. तो पहिल्या मापापासून सातव्यापर्यंत जातो आणि दिंद्रुडचं नाव दाखवतो, दर वेळी बरोबर. ईश्वरीकडं तो चालवून बघायला मशीन नाही.